आगीआधीचा कागद

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांनी नोव्हेंबर २०१६ मध्येच जाहीरपणे लिहिलं होतं, की मोठी जीवितहानी झाल्याशिवाय इथल्या व्यवस्थापनाचा हलगर्जीपणा कुणाला दिसणार नाही. सात महिन्यांनी, १४ जून २०१७ ला, चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपासून आग लागली. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत पॉलिएथिलीन भरलेलं होतं. ते पेटलं आणि २४ मजली इमारत बाहेरून भडकत गेली. अग्निशमन दलाला पहिला फोन रात्री १२.५४ चा, दलाची ‘घरातच थांबा’ ही सूचना २.४७ ला बदलली. ७२ माणसं गेली. नंतर दर महिन्याच्या १४ तारखेला निघणारा मूक मोर्चा, २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा, २०२४ चा अंतिम चौकशी अहवाल, या सगळ्यामागे रहिवाशांचे ते जुने लेखी इशारे उभे होते.

आपल्याकडे असा दीर्घ लढा दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या मृतांच्या नातेवाइकांनी दिला. १३ जून १९९७ ला तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला, ५९ जण गुदमरून गेले. मालकांवरचा दोष तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाचा ठरला. त्याला कमाल शिक्षा दोन वर्षं. न्यायालयातल्या फाइलीतली पानंसुद्धा नष्ट केली गेली, त्याबद्दलची शिक्षा २०२१ मध्ये झाली. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ही मुदत पाच वर्षं आहे. त्याहून गंभीर, सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावायचं तर धोका माहीत होता, हे सिद्ध करावं लागतं. पोच घेतलेलं जुनं पत्र इथेच कामी येतं.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा. त्यात जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर आहे. यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारी आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. नागपुरातल्या कितीतरी फ्लॅट स्कीममध्ये बिल्डर निघून गेला की हे कुणाचंच काम राहत नाही, आणि खरं अडतं ते इथेच.

उन्हाळ्यात कूलर, एसी एकदम सुरू होतात, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत राहतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरचीच असते, पण इलेक्ट्रिशियन १६ ॲम्पियरच्या जागी ३२ चा एमसीबी बसवून जातो. मग एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर तापत राहते. मीटरची खोली जिन्याखाली, शेजारी पेट्रोल भरलेल्या गाड्या, केबलच्या डक्टला मजल्यागणिक न बुजवलेली भोकं, गच्चीच्या दाराला कुलूप. अशा वेळी जिनाच धुराडं होतो.

म्हणून तक्रार करताना ‘इमारत असुरक्षित आहे’ एवढंच लिहू नये. मजला, वस्तू, तारीख लिहावी, फोटो जोडावा. एक प्रत व्यवस्थापनाला, एक मनपाच्या अग्निशमन विभागाला द्यावी आणि दोन्हींची शिक्क्यानिशी पोच ठेवावी. मागच्या तीन वर्षांची ‘ब’ प्रमाणपत्रं माहिती अधिकारात मागता येतात: शुल्क १० रुपये, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.