जुना ट्रक जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

धुळ्यात कुणी 'मुलगा गाडीवर आहे' म्हटलं, की तो ट्रकवर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. महामार्गांचे जुने क्रमांक धरले तर ३ (मुंबई–आग्रा), ६ (हाजीरा–कोलकाता) आणि २११ (सोलापूर–धुळे) हे तिन्ही रस्ते इथेच मिळत. रावेर–सावद्याची केळी, कापसाच्या गाठी, नंदुरबारची मिरची, जळगावची डाळ: खानदेशातून बाहेर जाणाऱ्या मालातला किती तरी माल याच रस्त्यांनी गेला. तरीही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा, चालू आणि नीट राखलेला ट्रक इथे शोधूनही सापडणं कठीण. जुन्या ट्रकांचा मेळा भरवू या म्हटलं, की 'भंगार गोळा करून काय करणार?' असा सवाल येतो. सवाल रागावण्यासारखा नाही. त्याच्यामागे मोठी हकिकत आहे.

जगात सगळीकडे आधी मोटारी जपल्या गेल्या, ट्रक नंतर. अमेरिकेत जुन्या मोटारींचा मोठा क्लब १९३५ मध्ये निघाला. ट्रकांच्या इतिहासाला वाहिलेली अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी उभी राहिली ती १९७१ मध्ये. ब्रिटनमध्ये जुन्या व्यापारी वाहनांची संघटना १९५८ ची, आणि तिने लंडन ते ब्रायटन ही ट्रक-बसगाड्यांची दौड सुरू केली १९६२ पासून. आपल्याकडे दिल्लीची जुन्या गाड्यांची स्टेट्समन रॅली १९६४ ची, पण तिचा बोलबाला मोटारींचाच. हा उशीर समजण्यासारखा आहे. मोटार मालकाच्या अंगणात म्हातारी होते. ट्रक कमावता असेपर्यंत रस्त्यावर असतो, आणि कमाई थांबली की त्याचं इंजिन पाण्याच्या पंपाला, स्प्रिंगचे पाटे लोहाराकडे आणि उरलेलं लोखंड वजनावर जातं. तो हौसेसाठी मागे राहतच नाही.

खानदेशच्या रस्त्यांवर आले कोणते ट्रक? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांची जुळणी सुरू केली. पुढे फोर्डही मुंबईत आली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेले शेव्हरोले, फोर्ड, डॉज बाजारात आले. त्या मालाला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांचे ट्रक निघत. बिल्ला वेगळा, आतून गाडी जवळजवळ तीच. १९५३ मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशनने नुसती जुळणी आता चालणार नाही, इथे बनवायचं असेल तरच राहा, असा कौल दिला, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काम आवरलं. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचा ट्रक निघाला, १९५५ पासून मद्रासकडून अशोक लेलँडचं नाव आलं, त्यांचा ट्रक कॉमेट. पंधरा वर्षांचा करार संपल्यावर, १९६९ मध्ये, टाटांच्या ट्रकवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा गेला आणि 'टी' आला. जुना फोटो हातात आला की जाणकार पहिल्यांदा बोनेटवर तारा आहे का ते बघतो, आणि मग नंबरची पाटी: तीन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे असतील तर गाडी १९८९ च्या आधीची, एमएच १८ (धुळे) किंवा १९ (जळगाव) असेल तर नंतरची. मॉडेलच्या आकड्यातही माहिती भरलेली असे. १२१० म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन आणि शंभरच्या आसपास अश्वशक्ती.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कारखान्यातून ट्रक पूर्ण येतच नसे. यायची ती चेसी: इंजिन, बोनेट, चाकं आणि उघडी चौकट. ती आणणारा ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून, लाकडी खोक्यावर बसून, ऊन-वारा अंगावर घेत शेकडो किलोमीटर यायचा. केबिन आणि हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, बांधायचे ते इथले सुतार आणि लोहार. लाकडी चौकट, वरून पत्रा, टपावर सामान ठेवायला कठडा, बाजूंना फाळके, म्हणजे उघडता येणाऱ्या फळ्या, मागे साखळीने अडकणारा फाळका. मग पेंटर यायचा. मालकाच्या आईचं नाव, कुलदैवत, कोपऱ्यात मोर किंवा कमळ. केळी वाहायची की गाठी, यावर हौद्याची उंची ठरे. एकाच वर्षाची, एकाच कंपनीची दोन वाहनं दोन गावांत दोन वेगळ्या चेहऱ्यांनी उभी राहत.

म्हणून परदेशातली परीक्षणाची फूटपट्टी इथे जशीच्या तशी लागत नाही. अमेरिकेतल्या त्या मोटार क्लबात ४०० गुणांपासून सुरुवात होते आणि कारखान्यातून निघाल्याच्या दिवशी जे नव्हतं त्याचे गुण कापले जातात. आपल्या ट्रकचा तर अर्धाअधिक भाग कारखान्याने पाहिलेलाच नाही! फॅक्टरीचा नकाशा जिथे थांबतो तिथून पुढे धुळ्याच्या, चाळीसगावच्या, शिरपूरच्या कारागिरांचं काम सुरू होतं. एखाद्याने उद्या कौतुकाने तो लाकडी केबिन उतरवून गुळगुळीत नवा पत्रा चढवला, तर ट्रक चकचकीत होईल, पण आपला जो भाग होता तोच जाईल. परदेशातल्या ट्रकवाल्यांनाही हे उमगलेलं आहे. तिथे अनेक गाड्या फिकट पडलेल्या जुन्या रंगात, दारावरचं ट्रान्सपोर्टचं नाव तसंच ठेवून आणतात, आणि काही मेळ्यांत बक्षिसंच ठेवत नाहीत.

कायद्याची अडचण वेगळी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांवरच्या वाहनांना 'व्हिंटेज' दर्जा आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी दिली, पण ती दुचाकींना आणि खाजगी वापराच्या चारचाकींना. मालवाहू ट्रक त्या चौकटीत बसत नाही. त्याला इतर जुन्या ट्रकांसारखंच दरवर्षी फिटनेस तपासणीला जावं लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाची ती फी एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपये झाली होती. वर्षातून एकदा झेंडूचे हार घालून दसऱ्याला बाहेर काढायच्या गाडीसाठी एवढा खर्च कोण करणार? ट्रकसाठीही तसाच दर्जा हवा, हे मी ठामपणे म्हणतो.

मेळा भरवायची अक्कल मात्र आपल्याला बाहेरून आणायची नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोडेबाजार भरतो. तिथे कसलेला माणूस दाणा-पाणी, जागा, गर्दी, पारख सगळं जुन्या शिस्तीने सांभाळतो. घोडा चालवून दाखवतात. ट्रकाचंही तेच हवं. ठरलेल्या वेळी इंजिन सुरू करून दाखवायचं, एरवी चाकांना दगड, इंजिनाखाली तेलाला पत्र्याचा ट्रे, जवळ आग विझवायची नळकांडी, आणि गर्दीत गाडी हलवायची नाही. काचेवर पाटी: साल, इंजिन, कोणत्या रस्त्यावर कोणता माल वाहिला, बॉडी कुणी बांधली. फिटनेस नसेल तर लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवून आणायची. मैदान मुरमाचं हवं. काळ्या मातीत अवकाळी पावसाची एक सर पडली तर रिकामा ट्रकही आस टेकेपर्यंत रुततो. आणि ड्रायव्हर-क्लीनरांना बोलवायला हवं. हँडल मारून इंजिन कसं उठवायचं, डबल क्लच दाबून कन्नडच्या घाटात गिअर कसा पाडायचा, हे सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

माझ्या मामांची टाटा-मर्सिडीज वीस-बावीस वर्षं इंदूरपर्यंत फिरली आणि शेवटी वजनावर गेली. काट्यावर नेण्याआधी मामांनी मागचा फाळका काढून घेतला. तो आजही शिंदखेड्याच्या घरी गोठ्यात गव्हाणीला आडवा लावलेला आहे. 'जय एकवीरा' एवढं वाचता येतं, साखळीच्या दोन्ही कड्या शाबूत आहेत. कुणी तशी चेसी शोधून आणली तर मामा फाळका द्यायला तयार आहेत. फक्त रंग खरवडायचा नाही, ही त्यांची अट आहे.