नाथसागरावरील उन्हाळी पक्षिनिरीक्षण

पैठणच्या नाथसागर जलाशयाचे पाणी होळीनंतर झपाट्याने ओसरू लागते. तेव्हापासून मृगाच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत, उघड्या पडलेल्या गाळावर, बेटांवर आणि काठच्या माळावर जे पक्षी व प्राणी दिसतात, त्यांच्या निरीक्षणाविषयी ही नोंद आहे. पक्षी पाहायला येणाऱ्यांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत असते. दूरदेशीच्या पाहुण्यांचे थवे पाहायचे तर ते दिवस योग्यच. पण इथले घरचे पक्षी संसार कसा मांडतात, हे पाहायचे असेल तर चैत्र-वैशाखाला पर्याय नाही.

जलाशय मानवनिर्मित आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रकल्प आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र जायकवाडीच राहिले. जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे.

उन्हाळ्यातील निरीक्षणाचे सारे गमक या जलाशयाच्या उथळपणात आहे. धरणाचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पाणफुगवटा, म्हणजे पाण्याखाली येणारे क्षेत्र, सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. एवढा मोठा जलाशय, पण आकार परातीसारखा. त्यामुळे पाणी हातभर उतरले तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि मागे ओल्या गाळाचा पट्टा सोडतो. त्या गाळात किडे, अळ्या, शिंपले, गोगलगायी यांची रेलचेल असते. उथळ डबक्यांत मासळी अडकते. पाय लांब असो की आखूड, चोच सरळ असो की वाकडी, प्रत्येकाला आपापल्या खोलीचे पाणी मिळते. २०१६ च्या दुष्काळात तर उपयुक्त साठा पूर्ण संपला होता. माणसांसाठी ते साल भयंकर होते आणि मराठवाड्यात ते कोणी विसरलेले नाही. पाणी उतरणे ही इथे निव्वळ आनंदाची गोष्ट कधीच नसते, हे पक्षी पाहणाऱ्यानेही मनात ठेवावे.

मार्चमध्ये आधी निरोप सुरू होतात. हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जाणारे पट्टकदंब सर्वांत आधी निघतात. चक्रवाक, शेंडी बदके, तलवार बदके त्यांच्या मागोमाग. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, दिंड्या येतात, वाळवंट माणसांनी फुलते. त्याच सुमारास जलाशयावरचे ‘वारकरी’ पांगू लागतात. काळ्या अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा असलेल्या या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी किंवा चांदवा म्हणतात. वारकरी सगळेच जात नाहीत, काही बारमाही इथेच राहतात. पण हिवाळ्यात पाणी काळे करून टाकणारे त्यांचे थवे विरळ होतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, याही एप्रिल सरेपर्यंत मध्य आशियाकडे परततात. त्याआधी पळस आणि काटेसावरीच्या फुलांतला मध पिऊन त्यांच्या चोची परागांनी माखलेल्या दिसतात. रोहित पक्षी मात्र पाणी पुरेसे उथळ असेल तर मेपर्यंतही रेंगाळतात.

राहिलेल्या पक्ष्यांचे कपडे याच दिवसांत बदलतात. एरवी मातकट दिसणारी ढोकरी पाठीवर गर्द तांबडी होते. गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर हळदी-केशरी रंग चढतो. शेकाटे, मुग्धबलाक, चित्रबलाक, मोर शराटी, कवड्या खंड्या हे तर कोणत्याही सकाळी हमखास दिसणारे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो नदी सुरयाला. राखी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, दुभंगलेली लांब शेपूट. उघड्या पडलेल्या बेटांवर याच्या वसाहती होतात. घरटे म्हणजे वाळूतला नुसता खळगा, काडीही नाही; त्यात दोन-तीन मातकट, तपकिरी ठिपक्यांची अंडी. दुपारी जमीन तव्यासारखी तापते. अशा वेळी अंड्यांवर बसलेला सुरय ऊब देत नसतो, सावली धरून बसलेला असतो. चोच उघडी, गळा धापा टाकणारा. मध्येच तो उठतो, थेट पाण्यावर जातो, उडता उडताच पोट पाण्यात बुडवतो आणि परत येऊन ओली पिसे अंड्यांवर टेकवतो. पुन्हा थोड्या वेळाने तेच. दुर्बिणीतून हे एकदा पाहिले की उबवणे या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. टिटवीही अशीच पोट भिजवून येते. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊसपाणी चांगले, असा शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. कंठेरी चिखल्या आणि मोठा करवानक हेही याच उघड्या जमिनीवर वीण करतात. चिखल्या तर पंख मोडल्याचे सोंग करून येणाऱ्याला घरट्यापासून दूर नेतो.

म्हणून या ऋतूत निरीक्षकाने आधी पायाखाली पाहावे. अंडी गारगोट्यांत मिसळून जातात. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. सुरय ओरडत डोक्यावर झेपा घेऊ लागले की आपण फार जवळ आलो आहोत, तिथूनच मागे फिरावे. पक्षी उडालेला असताना वैशाखाच्या उन्हात काही मिनिटांत अंड्यातला जीव जातो. फोटोसाठी घरट्याभोवतीचे दगड-काटक्या हलवणारे, पिलू उचलून मोकळ्या जागी ठेवणारे लोक काठावर प्रत्यक्ष पाहिले आहेत. असा फोटो कितीही सुंदर आला तरी तो काढायला नको होता. अंडी-घरट्यांना हात लावणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे.

माणसांचा वावर या गाळावर आधीपासूनच आहे. पाणी हटेल तसतशी गाळपेर होते: टरबूज, खरबूज, काकडी, जनावरांसाठी मका. भोई आणि कहार समाजाचे मच्छीमार पहाटेच जाळी ओढतात, आणि कोणत्या बेटावर किती घरटी आहेत हे त्यांना पक्के ठाऊक असते. नवख्याने त्यांना विचारावे. पुस्तकापेक्षा ताजी माहिती मिळते. नांगरट, मोटारी आणि चरणारी गुरे यांनी घरटी मोडतात हे खरे. पण मोठा घात होतो तो पाणी फार उतरून बेट काठाला जोडले जाते तेव्हा. मग मोकाट कुत्री एका रात्रीत वसाहत साफ करतात. जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आल्यावर कहार समाजाच्या समितीने त्याला हरकत घेतली आणि २०२५ मध्ये तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

वेळ सूर्योदयापासून नऊपर्यंतची. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. दहानंतर गाळावर झळा नाचू लागतात आणि चांगल्या दुर्बिणीतूनही शेकाटा की तुतवार हे ओळखू येत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर. सोनेवाडीचा काठ आणि गोदावरी-प्रवरेच्या संगमावरचे कायगाव टोका ही ओळखीची ठिकाणे. पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे आणि गाळाची परीक्षा घ्यायला काठी सोबत असावी. वरून सुकलेली पापडी आत गुडघाभर रुतवते.

सस्तन प्राणी कमी दिसतात, ठसे जास्त. पहाटेच्या ओल्या गाळावर खोकड, कोल्हा, मुंगूस, ससा यांच्या रात्रभराच्या येरझारा लिहिलेल्या असतात. काठच्या बेशरमीच्या जाळीत दिवड हा पाणसाप बेडकांवर टपून असतो. रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी मोजायचे असतील तर त्यासाठी बुद्धपौर्णिमेची चांदणी रात्र आणि गौताळा अभयारण्याचे जंगल. नाथसागर त्यासाठी नाही.

मेच्या शेवटी चातकाची पहिली हाक येते आणि सुगरण नर पिवळे होऊन बाभळीवर विणकाम आरंभतात. पैठणला पाऊस पडला तरी नाथसागर लगेच भरत नाही. त्याचे पाणी वरून, नाशिककडून येते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळालेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून ते खाली उतरते आणि बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये पैठणला पोहोचते. तोवर सुरयाची बहुतेक पिले उडू लागलेली असतात. पहिली अंडी गमावून ज्यांनी उशिरा दुसरी घातली, त्यांची बेटे मात्र पिलांसकट पाण्याखाली जातात.