कालव्याच्या शेपटाला असलेलं हाड

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस लागायच्या आधीची शेवटची चढाई म्हणून एका मोठ्या धोंड्यावर बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवायची कमी उंचीची चढाई, करत होतो. उंची जेमतेम आठ फूट. वरच्या काठावर तळहात टेकून अंग उचलायचं, एवढंच उरलं होतं. पाय सटकला आणि पडताना उजवा हात जमिनीवर टेकला गेला. मनगट थोडं सुजलं, अंगठ्याच्या बाजूला दुखू लागलं. एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. मुरगळलं असेल म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी आलो. दुखणं कमी होईना, म्हणून बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी एका छोट्या हाडाच्या मधोमध बारीक काळी रेघ दिसली. अंगठ्याच्या बाजूचं मनगटातलं हाड, स्कॅफॉइड, मोडलं होतं.

पहिला एक्स-रे चुकीचा नव्हता. हे हाड मोडतं तेव्हा पुष्कळदा दोन्ही तुकडे एकमेकांना इतके घट्ट चिकटून राहतात की मधली फट फिल्मवर उमटतच नाही. पुढच्या दहा-चौदा दिवसांत शरीर तुटलेल्या कडांवरचा निकामी थर शोषून घेतं, फट किंचित रुंदावते आणि मग रेघ दिसते. म्हणूनच डॉक्टर संशय आला तर आधी प्लास्टर घालतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात, किंवा लगेच एमआरआय करून घेतात.

संशय कशावरून घ्यायचा, हे प्रत्येक चढाईवाल्याला माहीत असायला हवं. अंगठा ताणून वर करा. मनगटाजवळ दोन शिरा दोरीसारख्या उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. वैद्यकात या खळग्याचं नावच 'तपकिरीची डबी' या अर्थाचं आहे, कारण पूर्वी लोक चिमूटभर तपकीर त्यात ठेवून ओढत. स्कॅफॉइड बरोबर त्याच्या तळाशी असतं. हातावर पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, ते मुरगळणं मानू नका.

मनगट म्हणजे एक सांधा नव्हे. आठ लहान हाडं दोन ओळींत बसवलेली असतात आणि त्यांची नावं त्यांच्या आकारांवरून पडली आहेत: चंद्रकोरीसारखं ल्युनेट, वाटाण्यासारखं पिसिफॉर्म, आकडा असलेलं हॅमेट. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं. ही होडी दोन्ही ओळींवर आडवी पसरलेली असते, म्हणजे दोन ओळींमधला पूलच म्हणा ना. हात मागे वळलेल्या अवस्थेत सगळं वजन तळहातावर आलं की हा पूल कमरेतून मोडतो. मनगटाच्या या आठ हाडांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडणारं हाड हेच.

खरी अडचण मोडण्यात नाही, जुळण्यात आहे. आणि तिचं कारण रक्त.

बहुतेक हाडांना अनेक बाजूंनी रक्त मिळतं. स्कॅफॉइडचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला आहे, कारण आजूबाजूच्या हाडांवर त्याला घसरायचं असतं. कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. मग उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून, तीही बोटांच्या बाजूच्या टोकाजवळून, रक्त आत येतं आणि तिथून उलटं, कोपराच्या दिशेने वाहत जातं. हाडाला मिळणाऱ्या रक्ताचा ७० ते ८० टक्के भाग याच वाटेने येतो. कोपराकडचं टोक म्हणजे कालव्याच्या शेपटाचं शेत. वर कालवा फुटला की पहिल्यांदा कोरडं पडतं ते शेपट. हाड कमरेत मोडलं की नेमका हा कालवा तुटतो. म्हणून कमरेचं मोडणं जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, पण अगदी कोपराकडच्या टोकाशी मोडलं तर कित्येक महिने जाऊ शकतात. कधी कधी तो तुकडा रक्तावाचून मरतो. न जुळलेलं स्कॅफॉइड तसंच वापरत राहिलं तर काही वर्षांत सगळ्या मनगटाची झीज सुरू होते.

याच कारणाने तंबाखू आणि सिगारेट या काळात फार महागात पडतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे तर मुळातच एकच वाट आहे. चढाई करणाऱ्या आपल्या पोरांमध्ये मावा खाणारे कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्लास्टर की स्क्रू, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ऑस्ट्रेलियातले शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांनी १९८४ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेला स्क्रू मला यंत्रकामाचा सुंदर नमुना वाटतो. त्याला डोकंच नाही. पुढच्या टोकाचे आटे विरळ, मागचे दाट. एका फेऱ्यात पुढचं टोक जास्त सरकतं आणि मागचं कमी, त्यामुळे फिरवता फिरवता दोन तुकडे आपोआप एकमेकांवर आवळले जातात, आणि सगळा स्क्रू हाडाच्या पोटात राहतो. पण स्क्रू घातला म्हणून प्रत्येकाला फायदा होतोच असं नाही. ब्रिटनमध्ये ४३९ प्रौढ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. कमरेत मोडलेले पण दोन मिलीमीटरपेक्षा जास्त न सरकलेले तुकडे असतील, तर वर्षभरानंतर दुखणं आणि हाताचं काम यांत प्लास्टरवाले आणि शस्त्रक्रियावाले यांच्यात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. आधी प्लास्टर, जुळलं नाही तर शस्त्रक्रिया, असा त्यातून निघालेला निष्कर्ष. तुकडे सरकलेले असतील किंवा कोपराकडचं टोक मोडलं असेल, तर गोष्ट वेगळी. माझे तुकडे जागेवर होते, म्हणून प्लास्टर.

प्लास्टरमधल्या दिवसांविषयी मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण तो काळ वाया गेला असं सगळे मानतात.

१८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हाताच्या मुठीला सराव दिला, तर दुसऱ्या हाताची ताकदही वाढली. दुसऱ्या हाताने काहीच केलं नव्हतं. नंतर हा प्रयोग अनेकांनी अनेक प्रकारे केला. त्यातले आपल्या कामाचे म्हणजे एक हात बांधून ठेवलेले. मोकळ्या हाताने नियमित जोरकस व्यायाम केला, तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते. कारण ताकद फक्त स्नायूत नसते. किती स्नायूतंतूंना एकाच वेळी हाक द्यायची हे मेंदू आणि मज्जारज्जू ठरवतात, आणि एका बाजूला हाक देणारी यंत्रणा दुसऱ्या बाजूलाही थोडी जागी ठेवते. म्हणून जूनभर मी डाव्या हाताने हँगबोर्डवर, म्हणजे बोटांच्या सरावासाठी खाचा असलेल्या फळीवर, लटकत होतो, पाय स्टुलावर टेकवून. उजव्या हाताची बोटं प्लास्टरबाहेर मोकळी होती. डॉक्टरांना विचारून ती दिवसातून अनेकदा वाकवायची आणि सरळ करायची. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपराजवळ असतात. त्यांच्या नऊ कंडरा, आपण ज्यांना सहसा शिरा म्हणतो त्या, एका मज्जातंतूबरोबर मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात. त्या घसरत्या राहिल्या नाहीत तर आजूबाजूला चिकटतात.

प्लास्टर निघालं तेव्हा हात पाहवेना. मनगट मागे जेमतेम वीस अंश वळत होतं. निरोगी मनगट सत्तरच्या आसपास वळतं. सांध्याभोवतीची पिशवी न हलल्यामुळे आकसते, कूर्चेला तिचं अन्न सांध्यातल्या द्रवातून हालचालीनेच मिळतं, आणि भार नसलेलं हाड विरळ होतं. आता घाई करायची ती हालचालीची, भाराची नव्हे. हाड खरंच जुळलं आहे का हे सीटी स्कॅनवर पाहून मगच भार. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं स्कॅफॉइडच्या बाबतीत धरून चालत नाही.

मनगटाच्या दुसऱ्या बाजूला, करंगळीकडे, कूर्चा आणि अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) यांची एक त्रिकोणी गादी आहे. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. मनगटावरच्या भारापैकी साधारण पाचवा हिस्सा ती पेलते. चढाईत मनगट पिळून ओढताना, विशेषतः उलटी पकड धरताना, ती फाटते. खुर्चीच्या हातांवर रेटून उठताना करंगळीकडे टोचलं तर हिच्यावर संशय घ्यावा. इथेही गोष्ट रक्ताचीच. गादीच्या कडेला रक्त पोचतं, मध्याला पोचत नाही. त्यामुळे कडेचं फाटणं भरून येऊ शकतं. मधलं भरून येत नाही, फार तर दुखेनासं होतं. हिची प्रगती मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. टेबलावर ठेवून तळहाताने दाबायचं आणि कितव्या किलोला दुखायला लागतं ते वहीत लिहायचं.

भार वाढवताना कंडरा आणि अस्थिबंध यांचा स्वभाव ओळखावा लागतो. कॅलिफोर्नियातले कीथ बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिबंधांना ताण देऊन पाहिलं. सुमारे दहा मिनिटांत त्यांच्या पेशींचा प्रतिसाद पूर्ण होतो आणि पुढचे सुमारे सहा तास त्या नव्या ताणाला फारशी दाद देत नाहीत. ताटलीतला अस्थिबंध म्हणजे माझं मनगट नव्हे, तरीही दोन तास एका दमात व्यायाम करण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, ही शिस्त मला त्यावरून पटली. तांदळाच्या डब्यात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची, फिरवायची. बाहेर पाऊस कोसळत असताना रोज तेच.

आता एक प्रयोग तुम्ही करून बघा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. मनगट थोडं मागे वळवलं की मूठ लगेच घट्ट होते. बोटांच्या कंडरांना योग्य लांबी मिळते ती याच अवस्थेत. म्हणजे प्रत्येक पकड, अगदी एका बोटाच्या पेराएवढ्या खाचेतली सुद्धा, मनगटाच्या जिवावर उभी असते. परत चढायला लागल्यावर मला आधी सोप्या वाटल्या त्या खाचा आणि अवघड वाटल्या त्या गुळगुळीत फुगीर पकडी, कारण त्यांवर मनगटच सगळा भार घेतं. ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेले कातळ, तर डिसेंबरपर्यंत टाळले.

पण सर्वांत शेवटी परत आला तो मँटल, म्हणजे काठावर तळहात टेकून अंग वर उचलणं. सह्याद्रीत तो टाळता येत नाही. आपला बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांचा बनलेला, दोन थरांच्या सांध्यावर आडवे कंगोरे आणि टप्पे पडलेले. कुठल्याही कड्यावर काही फुटांनी असा टप्पा येतोच, आणि त्यावर चढताना मनगट पूर्ण मागे वळतं, वर शरीराचं वजन. हाड मोडताना हात ज्या स्थितीत होता, बरोबर तीच ही स्थिती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी भिंतीला टेकून, मग टेबलावर, मग जमिनीवर असा तळहातावरचा भार तीन महिने वाढवला. आणि एक युक्ती दिली: टप्प्यावर तळहात टेकायच्या ऐवजी मूठ टेकायची, म्हणजे मनगट सरळ राहतं. जानेवारीत एका टप्प्यावर मी तशीच मूठ टेकून वर आलो. बोटांच्या सांध्यांची कातडी कातळाने सोलली, मनगट दुखलं नाही.