आधी नर, मग मादी: गरीला लागलेला जिताडा

मृग लागून दोनच दिवस झाले होते. रेवदंड्याला, कुंडलिका समुद्राला मिळते तिथल्या खडकांवर मी गरवत बसलो होतो. हलका रॉड, रिळावर पाच किलोचा तंगूस, म्हणजे पाच किलोची ओढ सोसणारा नायलॉनचा दोरा, गरीला (गळाच्या आकड्याला) जिवंत कोळंबी. अपेक्षा काय, तर एखादी तांबोशी, नाहीतर नेहमीचा शिंगाळा. भरती चढत असताना रीळ करकरलं आणि बघता बघता पन्नासेक मीटर तंगूस पाण्यात गेला. लांबवर काहीतरी रुपेरी उसळून धाडकन आपटलं. बाजूला पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारे काका ओरडले, "खेचू नको! सोर त्याला, पलू दे!"

पळू दिला. वीसेक मिनिटांनी काकांनी पागातच गुंडाळून वर घेतला तो जिताडा ८६ सेंटिमीटरचा, साडेसात किलोचा.

पाच किलोच्या तंगुसावर साडेसात किलो? मुळात तंगुसाने तो उचललाच नव्हता. पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे मासा पाण्यात जवळजवळ बिनवजनी असतो. तंगुसावर येते ती फक्त त्याची ओढ. ती दीडेक किलोच्या वर गेली की रिळाचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, घसरतो आणि तंगूस सुटत जातो. बाकीचे हिसके रॉड वाकून पोटात घालतो. शिवाय जिताड्याचं मांस पांढरं. हे स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता क्षणात सगळी ताकद लावतात, पण साठा लवकर संपतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. तांबड्या मांसाचा कुपा (ट्यूना) असता, तर माझी धडगत नव्हती. खरा धोका होता तो त्याच्या गालफडाच्या धारेचा. तिथे तंगूस घासला असता, तर सुरीने कापल्यासारखा तुटला असता.

काकांनी माशावर एक नजर टाकली. "गाबोली हाय हिच्यात."

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. चिरायच्या आधीच 'हिच्यात'! मला वाटलं, अंदाज. पण अंदाजामागे पक्कं जीवशास्त्र आहे. मालवणकडे ज्याला चोणक म्हणतात तो हा जिताडा, *लेटिस कॅल्कॅरिफर*, आधी नर म्हणूनच वयात येतो. काही वर्षं नर म्हणून पैदाशीत भाग घेतो आणि साधारण तीन फुटांच्या आसपास पोचला की त्याचं वृषण आक्रसून तिथे अंडाशय तयार होतं. म्हणून बाजारातला मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. लेकी-जावयासाठी मुद्दाम मोठा जिताडा आणणाऱ्या किती सासऱ्यांना हे ठाऊक असेल?

असा उलटफेर कशासाठी? शुक्रजंतू इवलेसे, लहान अंगाचा नरही ते अमाप तयार करतो. अंड्यांना मात्र पोटात जागा लागते, अन्नाचा साठा लागतो. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालू शकते. तेव्हा लहानपणी नर आणि अंग भरल्यावर मादी, हा हिशेब पिढ्यान् पिढ्या फायद्याचा ठरला. गोब्र्याचं (ग्रूपर माशाचं) गणित बरोबर उलटं: आधी मादी, मग नर. तिथे थोराड नराला आपला इलाका राखायचा असतो.

आणि ही बाई खाडीच्या मुखाशी का आली होती, तेही उघड आहे. जिताडा वाढतो खाडीत, नदीत, खारपट्टीतल्या तळ्यांतही. गोड्या पाण्यात त्याचे कल्ले मीठ आत ओढून घेतात, खाऱ्या पाण्यात तेच कल्ले मीठ बाहेर टाकतात. पण अंडी आणि पिल्लं जगायला खारट पाणीच हवं. म्हणून पावसाच्या सुमारास तो मुखाकडे उतरतो, आणि भरतीचं पाणी अंडी-पिल्लांना खाडीत, खारफुटीच्या आडोशाला नेऊन सोडतं. बंदिस्त जागेत ही सगळी परिस्थिती जुळवणं सोपं नव्हतं. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेला ते १९९७ मध्ये जमलं.

घरी आईने पोट चिरलं. पिवळसर गाबोळीच्या दोन लांब पिशव्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, कसं ओळखलंत? ते पाग झटकत म्हणाले, "बारक्यान कवा गावली नाय. मोठ्यान मातर गावते."

त्यांचा वाटा मी डब्यात नेला होता. तळलेला.