बाहेर ठिणगी, आत मिसिंग

जुनी पेट्रोल गाडी चढावर झटके मारू लागली, ओढेनाशी झाली की पहिली तपासणी ठरलेली असते. प्लग काढायचा, वायरला लावून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा. फटीत निळी ठिणगी दिसली की निकाल जाहीर: ‘करंट ठीक आहे, पेट्रोलचाच प्रॉब्लेम.’ मग कार्बोरेटर उघडला जातो किंवा इंजेक्टर साफ होतात, आणि मिसिंग, म्हणजे सिलिंडरचं मधूनमधून न पेटणं, होतं तसंच राहतं. या तपासणीतून कळतं ते एवढंच, की ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी कॉइल अगदीच मेलेली नाही. सिलिंडरच्या आत प्लगला जे करावं लागतं त्याची परीक्षा उघड्या हवेत होतच नाही.

हवा एरवी विजेला वाट देत नाही. प्लगच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज वाढत गेलं की फटीतला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन धन टोकाकडे धाव घेतो. वाटेतल्या रेणूवर आदळेपर्यंत त्याने पुरेशी ऊर्जा कमावली असेल, तर तो त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. ऑक्सिजनच्या रेणूसाठी ही ऊर्जा सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, नायट्रोजनच्या रेणूसाठी साधारण साडेपंधरा. एकाचे दोन, दोनाचे चार होत क्षणार्धात वाहक वाट तयार होते, तीच ठिणगी. पण वायू दाट असला तर दोन टकरींमधलं अंतर कमी होतं, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागाच उरत नाही. त्या तोकड्या अंतरात तेवढीच ऊर्जा द्यायची तर व्होल्टेज वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हे मोजून दाखवलं. ठिणगीला लागणारं व्होल्टेज दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं. तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरायची. या आलेखाला एक तळ आहे: हवेत तो सुमारे ३३० व्होल्टला येतो. तळाच्या डावीकडे, म्हणजे वायू फारच विरळ केला तर, व्होल्टेज पुन्हा चढतं, कारण आता आदळायला रेणूच भेटत नाहीत. इंजिन मात्र कायम उजव्या बाजूला, चढत्या उतारावर असतं. हवा दाट किंवा फट मोठी, दोन्हीचा अर्थ जास्त व्होल्टेज.

आता आकडे घालून पाहू. उघड्या हवेत ०.८ मिलिमीटर फटीला साडेतीन-चार हजार व्होल्ट पुरतात. धडधाकट कॉइल वीस हजारांच्या पुढे जाते, त्यामुळे ही परीक्षा आजारी कॉइलही सहज पास होते. इंजिन स्लोमध्ये असताना थ्रॉटल (एक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब वातावरणाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ९:१ कॉम्प्रेशनने ती हवा दाबली तरी ती बाहेरच्या हवेच्या फार तर तिप्पट दाट होते. चढावर एक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर जवळजवळ वातावरणाच्या दाबाने भरतो, आणि ठिणगी पडायच्या क्षणी आतली हवा बाहेरच्या सात-आठपट दाट असते. इलेक्ट्रोड, म्हणजे प्लगची टोकं, तापलेले असल्याने थोडी सूट मिळते, तरी गरज पंधरा ते वीस हजार व्होल्टपर्यंत जाते. त्यात प्लगची फट झिजून ०.८ ची १.२ मिलिमीटर झाली असेल, तर गरज दीडपट.

एवढं व्होल्टेज चढत असताना वीज फक्त प्लगकडेच बघत नाही. हाय टेन्शन वायरचं तडकलेलं रबर, सिलिंडरांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये उमटलेली केसासारखी काळी रेघ, प्लगच्या चिनी मातीवरची चीर, यांपैकी जे आधी हार मानेल तिथून ती इंजिनाच्या धातूत उतरते. स्लोमध्ये प्लगची मागणी कमी असते, म्हणून प्लग जिंकतो आणि इंजिन गोड चालतं. लोड आला की प्लगपेक्षा ती चीर सोपी ठरते. दमट सकाळी त्रास वाढतो, कारण ओलावा या गळतीच्या वाटा आणखी सोप्या करतो.

म्हणून आधी मिसिंग केव्हा येतं ते बघा, पाना नंतर उचला. लोडवर अचानक, तुटक झटके बसत असतील तर इग्निशनचा संशय घ्या. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायर, कॅप व कॉइलवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा बारीक तुषार मारा. निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या तर गळती सापडली. हात, बाह्या, ओढणी पंखा-बेल्टपासून लांब, आणि वायरींना स्पर्श नको. कार्बन गाभ्याच्या वायरचा रोध मल्टिमीटरवर बघा. लांबीप्रमाणे तो काही हजार ओहम असतो. एकच वायर बाकींपेक्षा कितीतरी जास्त दाखवत असेल, किंवा वाकवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर पूर्ण सेट बदला. ठिणगी बघायचीच असेल तर वीस-पंचवीस हजार व्होल्ट मागणारा, मोठ्या फटीचा स्पार्क टेस्टर वापरा. चालू इंजिनाची वायर उपटून लोंबकळत सोडू नका. बाहेर जायला वाट नसली की ते व्होल्टेज कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडतं, कधी इग्निशन मॉड्यूलही घेऊन जातं.

प्लग काढल्यावर, पाना बसतो त्या षट्कोनाच्या वर, चिनी मातीवर तपकिरी कडं दिसलं तर बरेच जण ‘गॅस लीक’ म्हणून प्लग फेकतात. तो प्रत्यक्षात तीव्र विद्युतक्षेत्राने ओढून घेतलेल्या तेलाच्या कणांचा डाग असतो, निरुपद्रवी. खरी भानगड असते ती चिनी मातीवरून खाली उतरलेल्या बारीक काळ्या रेघेत.

पेट्रोलच्या नळीवर बांधायचे लोहचुंबक आणि ‘पॉवर वाढवणारे’ महागडे प्लग यांबद्दल दोन शब्द. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो, की ज्वलनात त्याने काही फरक पडत नाही. इरिडियमचा प्लग जास्त टिकतो, हे खरं. पण मिश्रण एकदा नीट पेटलं की ते कुठल्या धातूच्या टोकाने पेटवलं याच्याशी पिस्टनला देणंघेणं नसतं.

इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक मिसिंग पकडतो तो क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वेगावरून: ज्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकला धक्का मिळत नाही, त्याचा नंबर तो कोडमध्ये नोंदवतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०० म्हणजे एक ठरावीक नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब, पहिल्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. इथे एक चकवा आहे. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन जसाच्या तसा सायलेन्सरच्या वाटेला लागतो, तिथला ऑक्सिजन सेन्सर त्याला ‘पेट्रोल कमी’ समजतो आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. बिचारा सेन्सर खरंच बोलत असतो, तरी बदलला तोच जातो.

उलट, स्लोमध्ये थरथर आणि रेस दिल्यावर गुळगुळीत, असं असेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा एखाद्या तडकलेल्या नळीतून हवा चोरून आत शिरते आहे का ते बघा. स्लोमध्ये एकूण हवाच थोडी, म्हणून चोरीचा वाटा मोठा ठरतो. थरथर कुठल्याच वेगाला जात नसेल तर कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दणके. एखादा बाकींपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन एकदमच खाली असतील तर मधली गॅस्केट फुटलेली असण्याची शक्यता दांडगी.

झटके नाहीत, पण दम नाही, ही वेगळी तक्रार. दम वेगाबरोबर हळूहळू संपत असेल तर फिल्टर आणि पेट्रोलचा दाब तपासा. डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्युम ॲडव्हान्स (हलक्या लोडवर ठिणगी थोडी आधी पाडणारा पडदा) फाटलेला असेल तर त्याची नळी तोंडाने ओढल्यावर हवा अडत नाही, सरळ येते. यात सावकाश चालवताना गाडी मरगळते आणि पेट्रोल जास्त पिते. मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज लावून इंजिन अडीच हजार आरपीएमला धरल्यावर काटा हळूहळू घसरत गेला तर सायलेन्सरची वाट तुंबली आहे, बहुधा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. दुर्लक्षित मिसिंगचं न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. तेव्हा नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी मिसिंग काढा, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल.