पुलाचा वाढदिवस

जुन्या पुलाच्या उद्घाटनाची तारीख धरून गावाने केलेला कार्यक्रम म्हणजे पुलाचा वाढदिवस, सरकारी पत्रिकेवर छापायचं तर वर्धापन दिन. बहुतेक ठिकाणी दरवर्षी कोणी लक्ष देत नाही, पंच्याहत्तरी नाहीतर शंभरी आली की आठवण होते. कठड्याला झेंडूच्या माळा, खांबाला हळद-कुंकू, नारळ, पेढे आणि माईकवर एखादे रिटायर्ड इंजिनिअर, एवढा मामला.

महाराष्ट्रात जीव लावलेला पूल बघायचा तर सांगलीचा आयर्विन. १९२९ चा. कृष्णेचं पाणी तिथे फुटात मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, त्यामुळे पावसाळ्यात अख्खी सांगली "आयर्विनला किती झालं?" एवढंच विचारत असते, मग असा पूल घरातला वाटणारच की.

आपल्या खानदेशात तेवढी हौस नाही. धुळ्यात पांझरा नदीवर जे पूल आहेत त्यांची नावं लोकांनी सरळ मोठा पूल, लहान पूल अशी ठेवलीत, पलीकडच्या देवपुरात जायचं तर कुठला तरी एक ओलांडायचा, विषय संपला. पण "पांझराले पूर उना" (पांझरेला पूर आला) अशी बातमी फिरली की हाच पूल जत्रा होतो, गाड्या कडेला लावून, पोरं खांद्यावर घेऊन, मोबाईल उंच धरून माणसं उभी, पोलीस शिट्ट्या मारून थकतात. २०१९ च्या ऑगस्टात अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तेव्हाही हेच. गंमत वाटते खरी, पण १८७२ च्या पुरात याच गावातली ५०० घरं वाहून गेली होती हे त्या गर्दीत कोणाला माहीत नसतं. मला विचाराल तर धुळ्यात पुलाचा कार्यक्रम करायला १५ सप्टेंबर चांगला, अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ते धुळ्यात होते. असो.

शंभरीची एक दंतकथा पण असते. इंग्लंडहून कंपनीचं पत्र आलं, "तुमच्या पुलाची मुदत संपली, आता जबाबदारी आमची नाही." ब्रिटिशकालीन पूल असलेल्या जवळपास प्रत्येक गावात हे पत्र आलेलं आहे आणि ते बघितलेला माणूस एकाही गावात भेटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा असाच जुना पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला, तेव्हापासून मात्र शंभरी म्हटलं की पेढ्यांच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट आठवतं. जळगावच्या रेल्वेवरच्या शिवाजीनगर पुलाची शंभरी उलटली ती अशीच, वाढदिवस वगैरे काही नाही, धोकादायक ठरवून २०१९ मध्ये पाडायलाच घेतला आणि नवा होईपर्यंत रुळापलीकडच्या लोकांनी वळसे घातले.

परदेशात सोहळा मोठा आणि कधी कधी अंगाशी येणारा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटच्या पन्नाशीला, मे १९८७ मध्ये, पूल गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना मोकळा केला, तर अंदाजे ३ लाख माणसं एकाच वेळी वर चढली. झुलता पूल तो, एरवी मधोमध कमानीसारखा फुगलेला, वजनाने मधला भाग सुमारे ७ फूट खाली बसून सपाट झाला. पडला नाही, कारण झुलत्या पुलाने वाकावं असंच डिझाईन असतं. दगडी कमानीचा पूल वाकत नाही, त्याला बारीक तडे जातात, आणि ते वरून गाडी चालवताना दिसत नाहीत.

म्हणून आपल्याकडे हा कार्यक्रम १५ सप्टेंबरपेक्षाही एप्रिल-मेमध्ये ठेवला तर जास्त बरा, नदीचं पात्र तेव्हा कोरडं असतं, खाली उतरून कमानी खालून बघता येतात. पहिल्यांदा नजरेला पडतो तो सांध्यातून उगवलेला पिंपळ. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणीतरी कोयत्याने तो वरवर छाटतं, फोटो छान येतात, मूळ आत चुन्यातच असतं, पाऊस पडला की हिरवा कोंब परत बाहेर.