प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन: दोन डबे, दोन वेगळी कामं

"बाबांना प्रोटीन चालू करायचंय, मग क्रिएटिन त्यातच येतं का वेगळं घ्यायला लागतं?" दादर-परळच्या कुठल्याही जिममध्ये हा प्रश्न कानावर पडतो आणि उत्तर बहुतेक वेळा "दोन्ही घ्या" असंच मिळतं, कारण उत्तर देणाराच डबे विकत असतो. खरं तर या दोन पावडरींचं एकमेकींशी फारसं नातंच नाही. प्रोटीन पावडर म्हणजे सरळसरळ जेवण, फक्त सुकवून डब्यात भरलेलं. क्रिएटिनला जेवण म्हणताच येत नाही, चमचाभर रोज घ्यायची गोष्ट ती, पोट भरत नाही आणि त्यातून स्नायू बनतही नाही.

आधी प्रोटीन घेऊ. व्हे म्हणजे दुधातलं प्रोटीन. दुधाच्या प्रोटीनमध्ये साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे असतं, चीज करताना जे पाणी सुटतं ते गाळून सुकवून ही पावडर होते, आणि ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) २४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. (घरी पनीर केल्यावर उरलेलं पाणी "फुकटचं व्हे" म्हणून पिणारे बरेच भेटतात. पण पनीरसाठी आपण दूध उकळतो ना, त्या उष्णतेने व्हेचा बराचसा भाग केसिनला चिकटून पनीरमध्येच राहतो, पाण्यात अगदी थोडं उरतं. त्यात कणीक मळा, छान होते, पण त्याने दंड फुगतील अशी आशा नको.)

आता हिशोब. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये दिलेला आकडा आहे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. पण साठीच्या पुढे बहुतेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आणि नीट वेट मारत असाल तर १.६ पर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे सरासरी काही हाती लागत नाही. वय वाढलं की आकडा का वाढतो तर म्हाताऱ्या स्नायूला जाग यायला जास्त प्रोटीन लागतं, तेही एका बैठकीत, २५-३० ग्रॅम. दिवसभर चिमूट चिमूट खाल्लेलं तेवढं कामाला येत नाही.

आणि आपल्याकडे नेमकं तसंच खाल्लं जातं. गिरगाव-पार्ल्यातल्या एखाद्या शाकाहारी घरातल्या पासष्टीच्या काकूंचं ताट बघा, सकाळी पोहे, त्यात ३-४ ग्रॅम, दुपारी तीन चपात्यांचे १० धरा, पातळ आमटीच्या वाटीत ४-५, भाजी आणि ताक मिळून अजून ४-५, चार वाजता चहा-बिस्किट म्हणजे जवळपास शून्य, रात्री वरणभात, त्याचे १० ते १२. बेरीज पस्तिशीच्या आसपास अडकते आणि एकाही जेवणात २५ होत नाही. काकूंना विचारलंत तर म्हणतील "आम्ही रोज डाळ खातो की". खातात, पण आमटीत डाळ किती आणि पाणी किती हे पण बघायला नको का!

ही तूट स्वयंपाकघरातून भरता येते हे महत्त्वाचं. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८, सोयाच्या सुक्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २६, आणि मासे खाणाऱ्यांना सुरमईच्या १०० ग्रॅममध्ये २० मिळतात. ज्यांच्या घरी रोज मासळी शिजते त्यांनी दुपारी एक तुकडी वाढवली आणि सकाळी अंडं घेतलं तर प्रोटीनच्या मोठ्या डब्याची गरजच उरत नाही, मी तरी त्यांना घ्यायला सांगणार नाही. स्कूप कामाचा कोणाला, तर ज्यांना भूक लागत नाही, दात त्रास देतात, किंवा सकाळी ७.१२ ची विरार पकडायचीय आणि नाश्त्याला वेळच नाही.

क्रिएटिनचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. ते आपलं शरीर स्वतःच बनवतं, लिव्हर आणि किडनीमध्ये, रोज साधारण १ ग्रॅम, आणि थोडं मटण-मासळीतून येतं. शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८३२ साली ते मांसाच्या अर्कातच सापडलं होतं. शरीरातलं ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये साठतं. तुम्ही स्टेशनचा ब्रिज पटपट चढता किंवा सेटचे शेवटचे दोन रेप (वजनाच्या दोन उचली) दात ओठ खाऊन काढता तेव्हा लागणारी ताकद एटीपी नावाच्या पेशीतल्या इंधनातून येते, ते काही सेकंदांत संपतं, आणि संपलेलं एटीपी झटकन भरून द्यायचं काम फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूत साठलेल्या क्रिएटिनचंच एक रूप, करतं, फोन झोपायला आला की पॉवर बँक लावतो तसं. म्हणजे क्रिएटिनमुळे तुम्ही दोन रेप जास्त मारता आणि स्नायू वाढतो तो त्या जास्तीच्या रेपमुळे. वेट न उचलता नुसतं पाण्यात ढवळून प्यायलं तर फार काही होणार नाही.

डोस ३ ते ५ ग्रॅम, रोज, जिमला सुट्टी असेल त्या दिवशीही, सकाळी घ्या नाहीतर रात्री, फरक पडत नाही. पहिला आठवडा रोज २० ग्रॅमचं जे लोडिंग ट्रेनर सांगतात त्याने साठा लवकर भरतो एवढंच, साध्या डोसने तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचता, उगाच पोट कशाला बिघडवायचं. आता हे ३-५ ग्रॅम जेवणातून काढायचे म्हटले तर जवळजवळ किलोभर मासळी रोज लागेल, ससून डॉकला राहणाऱ्यालाही झेपायचं नाही. शाकाहारी माणसाच्या ताटात तर ते नसल्यासारखंच असतं, दुधात नावापुरतं, म्हणून त्यांच्या स्नायूंतला साठाही कमी असतो. म्हणजे बघा, ज्या डब्याला पर्याय घरात आहे तो मोठा डबा लोक हौसेने आणतात आणि ज्याला खरोखर पर्याय नाही त्याला "केमिकल" म्हणून हात लावत नाहीत.

स्टेरॉइड आहे का? नाही. हार्मोनही नाही, आणि खेळाडूंवर बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतही नाही. उतारवयातल्या लोकांवरच्या बऱ्याच चाचण्या २०१७ मध्ये एकत्र करून तपासल्या गेल्या, त्यात वेटसोबत क्रिएटिन घेणाऱ्यांमध्ये चरबी सोडून उरणारं वजन नुसतं वेट मारणाऱ्यांपेक्षा साधारण १.४ किलोने जास्त वाढलं होतं. जादू नाही, पण साठीत तेवढंही कमी नाही. हाडं मजबूत होतात म्हणून कोणी विकत असेल तर मात्र जपून, पाळी गेलेल्या बायकांवर दोन वर्षं चाललेली मोठी चाचणी २०२३ मध्ये आली, हाडांच्या घनतेत फरक दिसला नाही. सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढतं ते स्नायूंत पाणी ओढलं जातं म्हणून, त्याला चरबी समजून घाबरू नका.

हाताळायलाही दोघं वेगळे. व्हे शेकरमध्ये फेसाळतं, आणि मे महिन्यात तोच शेकर न धुता ऑफिसच्या बॅगेत राहिला तर संध्याकाळी लोकलच्या डब्यात शेजारचा माणूस जागा सोडून उठेल. क्रिएटिनला वास नाही, चव नाही, गार पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी कचकच बसतं, तेही गिळायचं, टाकून नाही द्यायचं. पावसाळ्यात त्याच्या गुठळ्या होतात, त्याने वाया जात नाही, फक्त डब्यात ओला चमचा घालू नका.

क्रिएटिन विकत घेताना साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, बाकीची भारी नावं भारी किमतीसाठी. प्रोटीनच्या डब्यावर घटकांची यादी वाचा. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते, मग काही बनवणारे त्यात स्वस्तातलं ग्लायसिन, टॉरिन आणि चक्क क्रिएटिनही घालतात, नायट्रोजन वाढतो आणि लेबलवरचा प्रोटीनचा आकडा फुगतो. त्यामुळे "आमच्या प्रोटीनमध्ये क्रिएटिन फुकट" ही जाहिरात मला तरी संशयास्पदच वाटते.

राहिली किडनी, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रोज शरीरातलं थोडं क्रिएटिन मोडून क्रिएटिनिन होतं आणि लघवीतून बाहेर जातं. किडनीची तब्येत बघायला लॅबवाले रक्तातलं हेच क्रिएटिनिन मोजतात. आता तुम्ही क्रिएटिन घेताय, स्नायूही वाढलेत, तर किडनी ठणठणीत असूनही रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर जाऊ शकतो, आदल्या रात्री भरपूर मटण झालं असेल तरी जातो. मग घरात रडारड, "सांगत होतो पावडर नको". तेव्हा हेल्थ चेकअपच्या आधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की क्रिएटिन चालू आहे, शंका असेल तर ते सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट करायला सांगतील, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. पण ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना प्रोटीनवरही मर्यादा असू शकते. डायबिटीस किंवा बीपी खूप वर्षांपासून असेल तर आधी किडनीच्या टेस्ट करून घ्या आणि तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच कुठलाही डबा उघडा, जिममधल्या ट्रेनरला दाखवून नाही.